मागच्या खोलीतली हवा

३ ऑक्टोबर

ढमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर हे बोलता येईना. मुलं झोपली की मला कुजबुजावं लागतं आणि तू तिकडून ओरडतेस, मावशी, मोठ्याने बोल. मोठ्याने बोलले की एकतीस जण उठून बसतात.

झालंय असं, की नगरपालिकेचं पत्र आलंय. सगळ्या पाळणाघरांची हवा तपासणार आहेत. इतकी वर्षं यायचे ते संडास बघायचे, आग विझवायचं नळकांडं बघायचे, दुधाच्या पातेल्यात नाक घालायचे आणि सही ठोकून जायचे. आता म्हणे हवेत बुरशी किती ते मोजणार. नोव्हेंबरच्या शेवटी माणूस येईल आणि त्याने चांगलं लिहिलं तरच पुढचा परवाना.

तू नेमकी त्यातलीच. ताई होती तेव्हा कौतुकाने सांगायची, ढमी प्रयोगशाळेत दिवसभर बुरशी मोजते. मी म्हणायचे, शिळ्या पावावरची मोजायला एवढं शिकायला कशाला हवं? आता तेच तोंड घेऊन तुझ्याकडे आलेय. तो माणूस यायच्या आधी तूच गुपचूप तपासून सांग. काही निघालंच तर हातात महिनाभर राहील, डागडुजी करून घेईन.

तसं काही निघणार नाही. मागच्या खोलीत, म्हणजे मुलांच्या झोपायच्या खोलीत, वरच्यांच्या न्हाणीघराचं पाणी भिंतीतून जरासं पाझरतं. जरासंच. घरमालकाला सांगून सांगून माझी जीभ झिजली. तीन-चार मुलं खोकतायत, पण ऋतू बदलला की खोकतातच. त्यात एक भोंगा. ही नवीन, तुला माहीत नाही. अकरा महिन्यांची मुलगी, आई शहराची बस चालवते. पहाटे पावणेपाचला सोडून जाते, आणि ही बया असा सूर लावते की वरचे लोक जमिनीवर काठी आपटतात. म्हणून भोंगा. सध्या जरा घसा बसलाय तिचा, त्यामुळे वरचे लोक खूश आहेत.

कर गं एवढं. बाकी कुणाला सांगू नकोस.

तुझी मावशी


९ ऑक्टोबर

मावशी,

सोबतच्या डब्यात सहा प्लेट आहेत. तू बशा म्हणशील, म्हण. आत जी पिवळट जेली दिसते ती बुरशीचं खाणं. झाकण काढलं की हवेतले बुरशीचे बीजाणू, डोळ्यांना न दिसणारे, तिच्यावर पडतात आणि चार-पाच दिवसांत त्यांचे ठिपके वाढतात. ते मी मोजते.

आता नीट वाच. प्रत्येक प्लेट पंधरा मिनिटं उघडी ठेवायची, घड्याळ लावून. पुढच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक, मागच्या खोलीत एक आणि बाहेर अंगणात एक. पाचवी अजिबात उघडायची नाही, ती तशीच परत पाठव. सहावी जास्तीची, काही गडबड झाली तर. मागच्या खोलीतली प्लेट टेबलावर ठेवू नकोस. गादीवर, उशीच्या शेजारी ठेव. मूल जिथे श्वास घेतं तिथली हवा मला हवी आहे, मोठ्या माणसाच्या नाकाजवळची नको. मग झाकण लावून चिकटपट्टी, वर खोलीचं नाव, आणि त्याच दिवशी पोस्टात.

जरासं पाझरतं म्हणजे किती? डाग केवढा आहे? भिंतीला हात लावला तर ओला होतो का? आणि खोकणारी मुलं भिंतीच्या बाजूला झोपतात का, तेही लिही. भोंग्याचा घसा कधीपासून बसलाय?

त्या खोलीत मीही झोपलेय, सहा वर्षांची असल्यापासून. तेव्हा ती भिंत कोरडी होती. मी तिच्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या म्हणून तू मला कोपऱ्यात उभं केलं होतंस.

ढमी


१६ ऑक्टोबर

ढमे,

बशा पाठवतेय. सांगितलंस तस्सं केलं, घड्याळ लावून. एकीवर स्वयंपाकाच्या बाईंचा पाय पडला, ती टाकून दिली. म्हणून पाच आहेत. पोस्टाला दोन-तीन दिवस उशीर झाला, मध्ये रविवार आला.

भिंतीचं विचारलंस. अगं, आहे आपली, जुन्या घराची भिंत असते तशी. मागच्या महिन्यात रंग दिलाय. डाग-बिग काही दिसत नाही. मुलं कुणीकडेही झोपतात, एकदा लोळायला लागली की कोण कुठे पोचेल सांगता येत नाही.

भोंगा बरी आहे.

लवकर कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

मावशी


२६ ऑक्टोबर

मावशी,

घाईत लिहितेय, आमच्याकडे सध्या शहरभरच्या शाळांचे नमुने येऊन पडलेत. पण तुझा जीव टांगणीला आहे म्हणून आकडे तेवढे कळवते. पुढची खोली एकोणीस ठिपके, स्वयंपाकघर सव्वीस, बाहेरचं अंगण अठ्ठावीस. आणि मागची खोली चोवीस! बाहेरच्यापेक्षा कमी. न उघडलेली स्वच्छ आहे, म्हणजे प्लेट वाटेत खराब झालेल्या नाहीत.

तुझ्या झोपायच्या खोलीची हवा चांगली आहे, मावशी. खरं सांगू, मला भीती वाटत होती. परवा बेकरीवरून जाताना उगाच तुझ्या ताईची, म्हणजे माझ्या आईची आठवण आली आणि वाटलं, मावशीच्या घरात काही वाईट निघालं तर मी ते तिला कोणत्या तोंडाने सांगणार? सुटले.

सूक्ष्मदर्शकाखाली अजून बघायचंय, कोणती बुरशी आहे ते. ती नुसती नोंद. मुलांना सांग, ढमीताईने विचारलंय.

ढमी


४ नोव्हेंबर

ढमे,

तुझं पत्र आलं आणि मी ते तीनदा वाचलं. फार उपयोगी पडलं ते. किती, ते तुला कळणार नाही.

भोंग्याला परवा दवाखान्यात दाखल केलंय. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत जात होती. दुपारी झोपेतून उठली आणि रडायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. नुसतं तोंड उघडं. मी तिला तशीच उचलून रिक्षात बसले. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय. महिन्याभरात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तुला लिहिलं नव्हतं, तुला कशाला घोर लावायचा.

बाकी मुलं ठीक आहेत. आज बारा जण आले नाहीत.

ढमे, एक विचारू? तुमच्या त्या बशांवर पूर्ण भरवसा ठेवता येतो ना? म्हणजे एखादी बशी खोटं बोलली तर तुम्हाला कळतं का? सहज विचारतेय.

मावशी


८ नोव्हेंबर

मावशी,

सकाळपासून सहा वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. स्वयंपाकाच्या बाईंनी उचलला आणि 'त्या आंघोळीला गेल्यात' म्हणाल्या. सहाही वेळा. म्हणून हे पत्र माणसाच्या हाती पाठवतेय.

हो, कळतं. बशी खोटं बोलत नाही, पण बशीवर कुणी खोटं नाव लिहिलं तर तेही कळतं.

काल रात्रपाळीच्या आधी तुझ्या प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. 'मागची खोली' लिहिलेल्या प्लेटवर झाडांच्या पानांवर वाढणारी बुरशी आहे. मोकळ्या हवेतली. परागकण आहेत. एका बारीक किड्याचा पंख चिकटलाय. आणि तिच्यावरचं सगळं 'अंगण' लिहिलेल्या प्लेटशी इतकं जुळतं, की दोन्ही शेजारी शेजारी ठेवून उघडल्यासारख्या वाटतात. ज्या भिंतीत वर्षानुवर्षं न्हाणीघराचं पाणी मुरतंय, त्या बंद खोलीची हवा अशी नसते. कुठेच नसते.

तू ती प्लेट अंगणात उघडलीस.

मी नुसते ठिपके मोजले आणि तुला चांगलं आहे म्हणून लिहून टाकलं. प्रकार न बघता आकडा कळवायचा नाही, हे मी नव्या मुलांना शिकवते. तुझ्या बाबतीत विसरले, कारण मला तेच ऐकायचं होतं. ही माझी चूक. तिच्यावर पांघरूण घालणार नाही.

आता ऐक. ती खोली आज बंद कर. आजच. कुलूप लाव. दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंब. झाडू नकोस, खरवडू नकोस, ब्लीच ओतू नकोस. कोरडं खरवडलं की सगळं घरभर उडेल. मुलांना पुढच्या खोलीत झोपव, खिडक्या उघड्या ठेवून.

आणि मला खरं सांग. मी तुझी कुणी लागत असेन तर.

ढमी


११ नोव्हेंबर

ढमे,

खोली बंद केली. फडकं कोंबलं.

सहावी बशी कुणाच्या पायाखाली आली नव्हती. तू सांगितलंस तशी मी मागच्या खोलीतली बशी उशीजवळच ठेवली होती, पंधरा मिनिटं, अगदी प्रामाणिकपणे. भोंग्याच्या उशीजवळ. शुक्रवार होता, पोस्ट बंद झालं होतं. सगळ्या बशा दुधाच्या कपाटात ठेवल्या. सोमवारी काढल्या तर बाकीच्यांवर चार-दोन पांढरे ठिपके, आणि या एका बशीवर... ढमे, जागाच उरली नव्हती. हिरवं, राखाडी, एकावर एक. मी झाकण घट्ट दाबून धरलं, जणू ते हातातून पळणार होतं. मग जास्तीची बशी घेतली, अंगणात गेले, तुळशीजवळच्या ओट्यावर ती उघडली, आणि वर लिहिलं, मागची खोली. अक्षर नेहमीसारखंच आलं. हात कापला नाही. याचंच मला आश्चर्य वाटतं.

खरी बशी मी टाकली नाही. या डब्यात पाठवतेय. चार पिशव्यांत गुंडाळलीय.

भिंतीचंही सांगते. तीन वर्षांपूर्वी पोपडे गळायला लागले तेव्हा मी सुताराकडून लाकडी फळ्या ठोकून घेतल्या, खालपासून छातीएवढ्या. वर चित्रं काढून घेतली, हत्ती, मासे, आगगाडी. पालक म्हणाले, किती छान! काल तुझं पत्र वाचून एक फळी उचकटली. मागे भिंत नाही गं. मागे काळी लोकर आहे. फळीच्या आतल्या बाजूलाही तीच. आणि त्या हत्तीकडे डोकं करून मुलं तीन वर्षं झोपतायत. लगेच फळी परत लावली.

का केलं, विचारशील. नोव्हेंबरच्या शेवटी माणूस येणार, खोली नापास झाली की घर बंद, आणि या भागात पहाटे पाचला मूल घेणारं दुसरं कुणी नाही. बसवाली, दवाखान्यातल्या दोघी, बेकरीतली, विमानतळावर झाडू मारणारी, या कुठे जातील? असं मी स्वतःला सांगितलं. खोटं नाही ते. पण पूर्ण खरंही नाही. मला या घराबाहेर काही येत नाही, हेही त्यात आहे.

आता जे सांगायचंय ते सगळ्यात वाईट. तुझं पत्र उपयोगी पडलं असं मी लिहिलं होतं. कसं, ते ऐक. भोंगा पहिल्यांदा आजारी पडून बरी झाली तेव्हा तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "डॉक्टर विचारत होते, मूल झोपतं तिथे ओल आहे का? तुमच्याकडे तसं काही नाही ना?" मी म्हटलं, बरं झालं विचारलंस, माझी भाचीच तपासते, हे बघ. आणि तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. 'तुझ्या झोपायच्या खोलीची हवा चांगली आहे.' मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "मग माझ्या घरातच काहीतरी असेल. सुट्टी घेऊन घर साफ करते." घर साफ केलं तिने, पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, आणि मुलीला परत माझ्याकडे आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज गेला.

ती अजून रोज दवाखान्यातून फोन करून मला सांगते, आज किती दूध प्यायली. "तुम्ही वेळेवर उचलून आणलंत म्हणून वाचली" म्हणते.

मी काय करू?

मावशी


१७ नोव्हेंबर

मावशी,

प्लेट मिळाली. मोजता येत नाही. 'मोजण्यापलीकडे' असं आम्ही लिहितो, तसं लिहिलं.

तू काय करू विचारलंस. रागावून लिहायला बसले होते, दोन कागद फाडले. आता फक्त काम सांगते.

हजेरीपट काढ. भोंगा कोणत्या तारखांना आली, कोणत्या तारखांना नाही, आणि कधी आजारी पडली, एका कागदावर लिही. बाकीच्या खोकणाऱ्या मुलांचंही. मला काय दिसेल ते मला माहीत आहे, पण तू स्वतः बघ.

दुसरा कागद मी सोबत जोडलाय. त्यावर बुरशीचं नाव आहे, ॲस्परजिलस, आणि तिचे दोन प्रकार. तो डॉक्टरांच्या हातात दे. उपचार काय करायचे ते त्यांचं काम, तुझं-माझं नाही. पण मूल कशात श्वास घेत होतं हे त्यांना कळलंच पाहिजे. नाहीतर ते तिला बरी करतील, घरी सोडतील, आणि तिची आई तिला उचलून पुन्हा तुझ्या दारात आणेल. तुला हे तिसऱ्यांदा व्हायला हवंय का?

आणि तिच्या आईला तू सांगायचंस. मी नाही, डॉक्टर नाही, नगरपालिकेचा माणूस नाही. तू तिच्यासमोर उभी राहून माझं पत्र वाचलंस, तशीच समोर उभी राहून हे सांग.

मी सोमवारी आमच्या सरांना सगळं सांगणार आहे. परस्पर तपासणी केली, अर्धवट बघून निकाल दिला, आणि त्या निकालावर एका आईने विश्वास ठेवला. ते काय करतील ते करतील.

मी येऊ का? म्हणशील त्या गाडीने निघते.

ढमी


२४ नोव्हेंबर

ढमे,

येऊ नकोस. तू आलीस तर मी तुझ्या मागे लपेन.

हजेरीपट काढला. पाच मिनिटांचं काम, मला दोन तास लागले. शनिवार-रविवार घरी, सोमवारी हसत आली. बुधवारी खोकला. शुक्रवारी ताप. पुन्हा सोमवारी हसत आली. तिची आई ऑगस्टमध्ये दहा दिवस तिला गावी घेऊन गेली होती, त्या दहा दिवसांत काही नाही. आल्यावर तिसऱ्या दिवशी खोकला. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, रोजच्या रोज, आणि मी कधी ते उभं वाचलं नव्हतं, आडवंच वाचत आले. बाकीच्या सात मुलांचंही तेच. सात.

मंगळवारी दवाखान्यात गेले. भोंग्याची आई व्हरांड्यात बाकावर बसली होती, अंगावर बसचा गणवेश तसाच. मला बघून सरकून जागा केली. मी बसले नाही.

म्हटलं, "मला काहीतरी सांगायचंय, ते ऐकून घे आणि मग हवं ते कर." आणि सांगितलं. फळ्यांपासून. बशी बदलली तेही. पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं, तेही.

ती ओरडेल, मारेल असं वाटलं होतं. त्यासाठी मी तयारीने गेले होते. ती म्हणाली, "किती दिवसांपासून?"

"तीन वर्षं."

"म्हणजे माझी मुलगी जन्मायच्या आधीपासून."

"हो."

आतून कुणाचं तरी मूल रडत होतं. तिने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "ही माझी नाही." मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी तुझा कागद आणि हजेरीपटाची नक्कल तिच्या हातात दिली. ती उठली, डॉक्टरांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. तासभर मी तिथेच उभी होते. बाहेर आली ती माझ्या अंगावरून गेली, एखाद्या खांबाजवळून जावं तशी.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पालकांना बोलावलं. पुढच्या खोलीत लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसले बिचारे, गुडघे हनुवटीला लागलेले. सांगितलं. दोघी लगेच मुलं उचलून निघून गेल्या. एका बापाने मागच्या खोलीचं कुलूप काढायला लावलं, फळी उचकटली, मागे बघितलं आणि अंगणात जाऊन ओकला. पण ढमे, बाकीचे गेले नाहीत. बसून राहिले. बेकरीतली म्हणाली, "मागची खोली बंद आहे ना? मग पुढच्या खोलीत ठेवा. हा आठवडा तरी." मी म्हटलं, पुढच्या खोलीतही ती हवा जाते. ती म्हणाली, "मला उद्या पहाटे पाचला भट्टीवर जायचंय. तुम्ही सांगा, मी याला कुठे ठेवू? तुम्ही सांगा ना." आणि माझा पदर धरला. तीन वर्षं मी तिच्या मुलाला त्या खोलीत झोपवलं आणि ती माझ्या हातापाया पडत होती, की अजून झोपवा.

मी नाही म्हटलं. आयुष्यात एवढं कठीण मी काही बोललेली नाही. नगरपालिकेला स्वतःच पत्र देऊन आले. परवा त्यांचा माणूस आला, तोंडाला मुखपट्टी लावून आत गेला, दोन मिनिटांत बाहेर आला. दारावर कागद चिकटवलाय. घरमालक आता म्हणतो, पाण्याचं मला कुणी कधी सांगितलंच नाही.

मावशी


२ डिसेंबर

मावशी,

सरांनी ऐकून घेतलं. मला निकाल लिहिण्याच्या कामावरून काढलंय, सहा महिने. काचेची भांडी धुणं आणि जेली ओतणं एवढंच. ते म्हणाले, दुसऱ्या कुणी केलं असतं तर घरी पाठवलं असतं, तू स्वतःहून आलीस म्हणून थांबतो. मला घरी पाठवलं असतं तरी चाललं असतं असं त्या क्षणी वाटलं. आता नाही वाटत.

माझ्या मनात एकच घोळतं. त्या पत्रातली ती ओळ मी लिहिली नसती तर तू दुसरं काहीतरी वाचून दाखवलं असतंस का? का गप्प बसली असतीस, आणि त्या आईने आपल्या मनाने मुलीला चार दिवस घरी ठेवलं असतं? याचं उत्तर देऊ नकोस.

भोंगा कशी आहे? तू कशी आहेस? जेवतेस का? स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, तू रोज जाऊन बंद दारासमोर उभी राहतेस, कुणी मूल घेऊन आलंच तर परत पाठवायला.

दोन ओळी तरी लिही.

ढमी


२१ डिसेंबर

ढमे,

लिहायला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही घडतंय की नाही तेच कळत नव्हतं.

आधी मुलं. झाडूवाली कामावर जात नाही आता. दवाखान्यातल्या दोघींनी पाळ्या वाटून घेतल्यात, एक आली की दुसरी जाते, दोघी महिनाभर नीट झोपलेल्या नाहीत. बेकरीतली आपल्या मुलाला पिठाच्या गोदामात पोत्यांमागे निजवते. मी जाऊन सांगितलं, पीठही छातीत जातं गं. तिने मला हाकललं, आणि ते बरोबरच होतं. सातातली पाच मुलं आता खोकत नाहीत. दोघं अजून खोकतात.

भोंगा पाच आठवडे दवाखान्यात होती. त्यातले नऊ दिवस श्वासाच्या नळीवर. तुला हे लिहिलं नाही कारण त्या नऊ दिवसांत मला पेन धरता येत नव्हतं. डॉक्टर म्हणतात, वाचली. पण छाती पूर्ण बरी व्हायला वर्षं लागतील, होईल की नाही हेही आज सांगता येत नाही. दिवसातून चारदा तोंडावर मुखवटा लावून औषधाचा फवारा द्यायचा. हे मला दवाखान्यातल्या एकीने सांगितलं. तिच्या आईला विचारायची माझी हिंमत नव्हती.

मागच्या रविवारी तीच माझ्या दारात आली. माझी खोली तुला माहीत आहे, एका माणसाची. ती आत आली. भिंतींवरून तळहात फिरवत गेली, चारी भिंती. कपाट ओढून मागे बघितलं. माझी गादी उलटी केली, हुंगली. माझे कपडे हुंगले. मी उभी होते.

मग म्हणाली, "माझी रजा संपली. पहाटेची पाळी नाही घेतली तर नोकरी जाईल. मी सगळीकडे विचारलं. कुणी नाही."

मी उलटलेली गादी सरळ करायला वाकले.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणार नाही. हे आधी समजून घ्या."

"समजलं," मी म्हटलं.

"उद्या पहाटे सव्वाचारला माझ्या घरी या. आंघोळ करून या. तुमचे कपडे बाहेर बदलायचे, मी दुसरे देईन."

गेले. तिचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या, ऊन येणाऱ्या. तिने फवारा कसा द्यायचा ते दाखवलं आणि माझ्याकडून तीनदा करून घेतलं, आधी बाहुलीवर. भिंतीवर कागद लावलाय: वेळ, मिनिटाला श्वास किती, दूध किती, ओठांचा रंग. दर अर्ध्या तासाने भरायचा. बाजूला दवाखान्याचा नंबर, डेपोचा नंबर. मग ती दारात जाऊन उभी राहिली. जिना उतरली. परत आली. मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा उतरली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला दम लागला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. म्हणाली, "माझ्या जागी तुम्ही असता तर गेला असता?"

मी म्हटलं, "नाही."

ती गेली.

भोंगा आता रडत नाही फारसं. दम पुरत नाही. मला ओळखते, हात पुढे करते, आणि ढमे, तेच सहन होत नाही. मी तिला कडेवर उभी धरते, खिडकीशी. झोपली की शेजारी बसून घड्याळ लावून श्वास मोजते आणि लिहिते. अडतीस. छत्तीस. बेचाळीस. छत्तीस. मोजण्यात माझी चूक होत नाही. एकही आकडा मी मनाने लिहिलेला नाही.

दीड वाजता आई येते. चपला काढायच्या आधी भिंतीकडे जाते आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचते, बोट ठेवून. मध्येच एखाद्या आकड्यावर थांबते आणि मुलीच्या छातीवर हात ठेवून स्वतः मोजून बघते. तोवर मी पिशवी घेऊन दाराशी उभी असते.

वाचून झालं की माझ्याकडे पाठ करूनच म्हणते, "उद्या."

आज सहावा दिवस. मी "हो" म्हणते आणि जिना उतरते.

मावशी